मनोऱ्याची डावी कड

आमच्या विद्यापीठात त्रेचाळीस जुन्या इमारती आहेत. दरवर्षी परीक्षा संपल्या की पुढच्या तीन आठवड्यांत त्या सगळ्यांचे फोटो काढायचे, हा नियम चोवीस वर्षांपूर्वी झाला. प्रत्येक इमारतीचा फोटो ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळी आणि एकाच भिंगातून घ्यायचा. पुढे कधी कोणी विचारले की ही भेग कधीची, हा कोपरा कधी उडाला, तर कपाटातला गठ्ठा सोडून उत्तर देता यावे. ते कपाट इमारत विभागात माझ्या ताब्यात आहे. फोटो काढण्याचे काम गेली चोवीस वर्षे एकाच माणसाकडे आहे. त्यांना सगळे ओळंबे म्हणतात.

हे त्यांचे आडनाव नव्हे. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. यांचे वडील गवंडी होते. शाळेला सुट्टी लागली की पोराच्या हातात ओळंबा देऊन ते त्याला परांचीवर उभे करत. पोराला पुढे विटांऐवजी फोटोंचा नाद लागला, तो एका स्टुडिओत उमेदवारी करून फोटोग्राफर झाला, पण वाकडे काही दिसले की हात शिवशिवायचे ते तसेच राहिले. विभागातल्या लोकांनी त्यांना ओळंबा म्हणायला सुरुवात केली. पुढे एका नव्या कारकुनाने त्यांना पत्र धाडताना वर सरळ ‘श्री. ओळंबे’ असे लिहिले. त्यांनी ते पत्र घेतले, पोच दिली आणि खाली सहीही तशीच ठोकली. त्या दिवसापासून ते ओळंबे झाले.

माझ्या खोलीत आले की बसण्याआधी ते भिंतीवरचा आवाराचा नकाशा सरळ करीत.

“अहो, आधी बसा तरी,” मी म्हणायचो.

“बसतो. पण हा असा लटकत असताना तुम्हाला डबा गोड कसा लागतो?”

कॅमेरा त्यांचा स्वतःचा, भात्याचा, लाकडी तिवईवर बसवायचा. मागे दुधी काच, तिच्यावर पेन्सिलीने आखलेल्या उभ्या-आडव्या रेघा. त्या काचेवर चित्र उलटे पडते, आणि ते नीट दिसावे म्हणून डोक्यावरून काळे कापड घ्यावे लागते. विभागाने त्यांना एकदा नवा कॅमेरा देऊ केला होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, छान आहे म्हणाले आणि परत केला. कापडाखाली गेलेले ओळंबे दिसले की येणारी-जाणारी मुले टोमणा मारल्याशिवाय राहत नसत.

“काका, आज कुणापासून तोंड लपवताय?”

“तुझ्या निकालापासून,” आतून उत्तर यायचे.

जागा त्यांच्या फरश्यांवर मोजलेल्या होत्या. परीक्षा भवनासाठी पायरीपासून सतरावी फरशी, ग्रंथालयासाठी कारंज्याच्या कठड्यापासून अकरावी. ग्रंथालयाची वेळ सकाळी आठ वीस, कारण तेव्हा ऊन ग्रंथालयाच्या मनोऱ्याच्या डाव्या कडेवर तिरके पडते आणि दगडाचा सांधा न सांधा उठून दिसतो. ती डावी कड ते काचेवरच्या रेघेशी जुळवून घेत. केसाचाही फरक उरला नाही अशी खात्री झाली की तिवईचा खिट्टा आवळायचा आणि बटण दाबायचे.

तिवईला एक पाणसळ होती. काचेच्या नळीत पाणी आणि त्यात बुडबुडा, तो मध्यावर आला की तिवई सपाट. तिच्याकडे मात्र ते बघत नसत. मी एकदा विचारले होते.

“ज्या माणसांनी सव्वीस मीटरचा मनोरा हाताने रचला, त्यांनी प्रत्येक थराला ओळंबा सोडला असणार,” ते म्हणाले. “त्यांच्यापेक्षा हा बुडबुडा शहाणा होय? मी दगडावरून सरळ धरतो.”

मला ते पटले. कोणालाही पटले असते. फोटो इतके नेटके येत की बाहेरगावचे वास्तुरचनेचे विद्यार्थी ते पाहायला येत. प्रत्येक फोटोच्या पाठीवर ओळंबे स्वतः शिक्का मारीत, ‘प्रत्यक्ष स्थितीप्रमाणे’, आणि खाली सही. शिक्का दुसऱ्या कोणाला लावू देत नसत. फोटो एक वेळ कोणीही काढील, पण त्याला जबाबदार कोण, असे त्यांचे म्हणणे.

या वर्षी फोटोंचा हंगाम सुरू होण्याच्या आधी ग्रंथालयाच्या मागे सांडपाण्याची नवी नळी टाकायला चर खणला. खबरदारी म्हणून शेजारच्या इमारतींची मोजणी करायची ठरले आणि त्यासाठी बाहेरून एक तपासणी अभियंता आल्या. वयाने पस्तिशीच्या, मोजके बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या यंत्रात मनोरा कललेला निघाला. माथा पायापेक्षा अठ्ठावीस सेंटिमीटर पूर्वेकडे.

त्यांनी माझ्याकडे जुने फोटो मागितले. मी चोवीस वर्षांचे चोवीस फोटो क्रमाने लावून टेबलावर ठेवले. बाईंनी प्रत्येक फोटोवर काटकोनी पट्टी ठेवून मनोऱ्याची कड तपासली. चोवीसही फोटोंत मनोरा सरळ. गेल्या वर्षीच्याही.

“शिक्का कुणाचा आहे?” त्यांनी विचारले.

“ज्यांनी काढले त्यांचाच.”

“विश्वासाचे आहेत?”

“माझ्या सहीपेक्षा त्यांच्या सहीवर माझा जास्त विश्वास आहे,” मी म्हणालो.

शुक्रवारी त्यांचा अहवाल आला. मनोरा गेल्या वर्षीपर्यंत सरळ होता, या वर्षी अठ्ठावीस सेंटिमीटर कललेला आहे, म्हणजे तो वर्षभरात हलला आहे आणि अजून हलत असणार. खालचे वाचनालय ताबडतोब बंद करावे आणि पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी मनोरा पहिल्या मजल्यापर्यंत उतरवून घ्यावा. कागदावर बोट ठेवायला कुठेही जागा नव्हती. शनिवारी वाचनालयाला कुलूप लागले. समिती सोमवारी बसणार होती; तिची मंजुरी मिळाली की पाडणाऱ्यांना बोलवायचे असे ठरले.

पाडण्याआधीचा शेवटचा फोटो काढून ठेवावा असे कुलसचिवांनी सांगितले. हे ओळंब्यांना चिठ्ठीने कळवणे मला बरे वाटेना. रविवारी सकाळी अहवालाची प्रत, पहिल्या वर्षीचा फोटो आणि गेल्या वर्षीचा फोटो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत वहिनींचे शिवणकाम चालते. एक यंत्र, कापडाचे तागे आणि मधोमध कापायचे लांब टेबल. वहिनी कुणाच्या तरी कोटाचे अस्तर बेतत होत्या. ओळंब्यांनी उभ्या-उभ्याच अहवाल वाचला.

“वर्षात अठ्ठावीस सेंटिमीटर?” ते म्हणाले. “दगड आहे की लोणी? इतका सरकला असता तर सांध्यासांध्यातून चुना गळाला असता. एक तरी नवी भेग दाखवा म्हणावं.”

“भेगा जुन्याच आहेत, असं अहवालातही आहे.”

“मग यंत्र चुकलं असेल.”

“तीनदा मोजलंय. दोन वेगवेगळ्या यंत्रांनी.”

“मग माझे फोटो काय चुकले?”

मी दोन्ही फोटो टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर ठेवले. वहिनींनी कात्री न थांबवता तिकडे नजर टाकली, मग थांबवली.

“भाऊजी, हा कागद तिरका कापलाय का?”

“नाही हो वहिनी. का?”

“मनोरा ठीक आहे. पण ही शेजारची बैठी इमारत उजवीकडे उतरतेय. आडवा धागा चुकलाय.”

शेजारची बैठी इमारत म्हणजे नोंदणी कार्यालय. त्याच्या छपराखाली दगडाचा एक लांब पट्टा जातो, त्याबद्दल त्या बोलत होत्या.

“तू तुझं अस्तर बघ,” ओळंबे म्हणाले. “तो फोटो आहे, झंपर नाही.”

“तीस वर्षं दुसरं काय बघतेय? आडवा धागा गेला की कोट अंगावर फिरतो. तुम्हाला उभं तेवढं दिसतं. घरातही तसंच.”

असे म्हणून त्यांनी आपली काटकोनी पट्टी फोटोच्या कडेला लावली. पट्टीचा आडवा हात कार्यालयाच्या पट्ट्यावर आणला. डाव्या टोकाला जुळले. उजव्या टोकाला पट्टा खाली गेलेला होता. जास्त नाही, अडीच मिलिमीटर. एरवी डोळ्याला कळणारही नाही इतका.

ओळंबे खाली वाकले. त्यांनी पट्टी स्वतःच्या हातात घेतली आणि पुन्हा लावली. मग पहिल्या वर्षीचा फोटो ओढला आणि त्याला लावली. तिथेही अडीच मिलिमीटर.

वहिनींनी अस्तर गुंडाळून बाजूला ठेवले.

“कार्यालय कललंय का?” मी विचारले.

“कार्यालय जागच्या जागी आहे,” ते म्हणाले. “कॅमेरा मी वाकडा धरलाय.”

मला उमगेना. त्यांनी फोटो हातात घेतला आणि हळूहळू फिरवला. कार्यालयाचा पट्टा टेबलाच्या कडेशी समांतर येईपर्यंत फिरवला आणि मग थांबले. आता मनोरा डावीकडे झुकलेला दिसत होता, पूर्वेकडे, बाईंच्या यंत्रात आला होता तसाच.

“मनोरा आधीपासूनच कललेला होता. मी त्याला सरळ धरून चाललो, म्हणून दर वर्षी तिवई तेवढीच कलवत गेलो. मनोरा सरळ आला आणि बाकीचं जग वाकडं.”

“म्हणजे तो हललाच नाही?”

“चोवीस वर्षांत तरी नाही. पहिल्या फोटोत जेवढा तेवढाच आत्ता.”

माझ्या जिवात जीव आला. मी म्हणालो, चला, सुटलो, उद्या समितीपुढे हे मांडू. ते फोटो पालथा करून शिक्का बघत होते.

“काय मांडू? की चोवीस वर्षं खोट्यावर सही केली?”

“खोट्यावर कुठे? चुकीवर,” वहिनी म्हणाल्या.

“शिक्क्याला तो फरक कळत नाही.”

ते खरेच होते. कुलसचिवांचा स्वभाव मी जाणून होतो. ज्याचा दाखला एकदा चुकीचा निघाला त्याला ते पुन्हा काम देत नाहीत, आणि मला विचाराल तर तो नियम वाईट नाही. ओळंब्यांना या कामाखेरीज दुसरे काम नव्हते असे नाही, पण दुसरे नाव नव्हते. मी हे आडून आडून बोललो. त्यांनी मला मध्येच तोडले.

“तुम्ही मला घाबरवायला आलाय की चहाला?”

“दोन्हीला नाही. तुम्ही ठरवा म्हणतोय.”

“ठरवायचं काय त्यात? माझ्या फोटोंच्या जोरावर मनोरा पाडतायत. मी गप्प बसलो तर तो मीच पाडला.” मग वहिनींकडे वळून म्हणाले, “तुझी पट्टी उद्या लागेल.”

“न्या. पण कोटवाला मंगळवारी येणार आहे, तेवढं ध्यानात ठेवा.”

सोमवारी समितीच्या खोलीत पाच माणसे होती. कुलसचिव, अभियंता बाई, इतिहासाचे प्राध्यापक, लेखाधिकारी आणि टिपण घ्यायला मी. ओळंब्यांना बोलावलेले नव्हते. मी उठून सांगितले की फोटोग्राफर बाहेर थांबले आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मंजुरी देऊ नये अशी माझी विनंती आहे. एकतीस वर्षांत मी अशी विनंती केली नव्हती, त्यामुळे बहुधा ती मान्य झाली.

ओळंबे आत आले. चोवीस फोटो टेबलावर मांडले आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, “हे फोटो प्रत्यक्ष स्थितीप्रमाणे नाहीत. मनोरा कललेला आहे. मी तो कॅमेऱ्यात सरळ केला.”

प्राध्यापक हसले. “म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं तसं, फोटो काढता येईना मनोरा वाकडा.”

“अंगण खरंच वाकडं आहे, सर,” ओळंबे म्हणाले. “मी त्यावर सरळ नाचलो, ती चूक.”

कुलसचिव हसले नाहीत. “शिक्का तुमचा. सही तुमची. मग शिक्का खोटा समजायचा?”

“हो. मनोऱ्याच्या चोवीसही फोटोंवरचा शिक्का खोटा. पण फोटोतलं माप खोटं नाही. बाईंनी बघावं.”

त्यांनी पट्टी ठेवली आणि एकेका फोटोवर कार्यालयाचा पट्टा दाखवत गेले. बाई खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या फोटोनंतर त्यांनी स्वतःची पट्टी काढली. मनातल्या मनात हिशेब करून म्हणाल्या, “अडीच मिलिमीटर म्हणजे वर अठ्ठावीस-एकोणतीस सेंटिमीटर. जुळतंय.” आणि लगेच, “पण कशावरून कार्यालयच कललं नाही? तुम्ही आज म्हणताय मनोरा, काल म्हणत होतात सगळं सरळ.”

प्रश्न रास्त होता. ओळंबे रागावतील असे मला वाटले.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” ते म्हणाले. “तुमचं यंत्र लावा. पट्टा सपाट आहे की नाही तेवढं बघा. नसला तर मनोरा खुशाल पाडा, मी फोटो काढून देतो.”

मंजुरी बुधवारपर्यंत थांबली. बाईंनी मंगळवारचा सबंध दिवस उन्हात यंत्र लावून कार्यालय मोजले. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट निघाला. त्याचा पायाही मनोऱ्यापासून वेगळा होता. चोवीस फोटोंतल्या उताराची मापे त्यांनी एका तक्त्यात मांडली. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यांत पाव मिलिमीटरचाही फरक नव्हता. मला तो तक्ता दाखवताना त्या म्हणाल्या, “चोवीस वर्षं माणूस एका जागी इतका चिकाटीने चुकला म्हणून हे कळलं. कधी नीट, कधी वाकडं असं केलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं.”

बुधवारी नवा अहवाल आला. कल निदान चोवीस वर्षांपूर्वीचा आहे आणि वाढत नाही. मनोरा पाडू नये. जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवून वर्षभर नजर ठेवावी, काच तडकली तर कळवावे. वाचनालय उघडावे.

मग कुलसचिवांनी ओळंब्यांचा विषय घेतला. यापुढे फोटोंवर शिक्का मारण्याचा अधिकार त्यांना राहणार नाही. दाखला अभियंता देतील. मनोऱ्याच्या चोवीसही फोटोंवरचा जुना शिक्का त्यांनी स्वतः खोडून खाली खरी स्थिती लिहावी. राहता राहिला कामाचा प्रश्न. कुलसचिवांनी बाईंकडे पाहिले.

“काम त्यांच्याकडेच हवं,” बाई म्हणाल्या. “दरवर्षी त्याच फरशीवर त्याच मिनिटाला उभा राहणारा दुसरा माणूस मी कुठून आणू? फक्त तिवई पाणसळीवर लावायची.”

ओळंबे म्हणाले, “मान्य आहे.” शिक्का त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवला.

माझ्या खोलीत बसून त्यांनी चोवीस फोटोंवरचे शिक्के खोडले. पट्टी लावून, एका रेघेत. प्रत्येकाखाली लिहिले, ‘मनोरा पूर्वेकडे कललेला आहे. चित्रात सरळ करून घेतला आहे.’ खोलीत आल्यावर मात्र नकाशाला हात न लावता ते थेट खुर्चीवर बसले होते.

गुरुवारी सकाळी नवा फोटो घ्यायचा होता. मीही गेलो. अकराव्या फरशीवर तिवई लागली. त्यांनी पहिल्यांदाच पाणसळीकडे पाहून खिट्टे फिरवले. बुडबुडा मध्यावर यायला वेळ लागला नाही. कापडाखाली मात्र ते खूप वेळ होते. एकदा हात सवयीने खिट्ट्याकडे गेला आणि परत आला. मग बाहेर येऊन मला म्हणाले, “बघा बरं.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला आत बोलावले नव्हते. मी कापड डोक्यावर घेतले. काचेवर ग्रंथालय उलटे लटकले होते आणि मनोरा पेन्सिलीच्या रेघेपासून स्पष्ट दूर गेला होता.

“कललेला दिसतोय,” मी आतून सांगितले.

“किती?”

“बराच. कुणालाही दिसेल.”

“मग बरोबर आहे. या बाहेर.”

आठ वीसला त्यांनी बटण दाबले. कॅमेऱ्याचा भाता मिटताना म्हणाले, “दुपारी कपाट उघडून ठेवा. बाकीच्या बेचाळीस इमारतींचे गठ्ठे काढून ठेवा. त्यांनाही मी दगडावरूनच सरळ धरलंय.”

“सगळे? हजाराच्या वर फोटो होतील.”

“एक हजार आठ. अकरा दिवस लागतील, रोज दुपारी बसलो तर.”

“समितीने फक्त मनोऱ्याचं सांगितलंय.”

“समितीला फक्त मनोरा माहीत आहे,” ते म्हणाले आणि तिवई खांद्यावर घेतली.

अडीच वाजता ते पट्टी घेऊन आले. आम्ही परीक्षा भवनापासून सुरुवात केली. पहिल्या तीन फोटोंत आडवी रेघ पट्टीशी जुळली, ते त्यांनी बाजूला ठेवले. चौथ्यावर जुळेना; पट्टी दोनदा लावली, आकडा मला सांगितला आणि मी तो लिहून घेतला.